हिरव्या पाण्याचा हिशेब

उन्हाळ्याच्या तोंडाशीं एखाद्या सांचल्या पाण्याच्या कांठावर जाऊन उभें राहावें. मग तो सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव असो, विजापूर रस्त्यावरचा कंबर तलाव असो, नाहीं तर उजनी धरणाचा दूरवर पसरलेला फुगवटा असो. पुष्कळदां पाणी एरवींसारखें दिसत नाहीं. वाऱ्यानें लोटून आणलेला हिरवा थर कडेला सांचलेला असतो. कोठें तो वाटलेल्या पालेभाजीसारखा दाट, कोठें दुधावरच्या सायीसारखा पातळ. आठपंधरा दिवसांनीं पुन्हां गेलें तर तोच रंग पिवळट, मग करडा होत चाललेला दिसतो, आणि नाकाला पदर लावावा असा वास सुटलेला असतो. जाणारायेणारा म्हणतो, तलाव नासला.

परंतु नासणें ही कांहीं आपोआप घडणारी गोष्ट नव्हे. दूध नासतें किंवा पीठ आंबतें, तेव्हां तेथें कोणी तरी कामाला लागलेलें असतें, तळ्याचेंहि तसेंच. हे कामकरी म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जंतु. जंतु म्हटल्याबरोबर आपणांस पटकी, विषमज्वर असे रोगच आठवतात. पण ज्यांच्याविषयीं आज बोलावयाचें आहे त्या जंतूंना आपल्या देहाशीं कर्तव्य नसतें. ते मेलेल्या शेवाळावर जगतात, त्याचा फडशा पाडतात, आणि तो पाडतांना कधीं पाणी निर्मळ करतात, तर कधीं त्याच पाण्यांतले मासे गुदमरवून मारतात. कामकरी तेच, काम तेंच, आणि परिणाम मात्र दोन टोकांचे; असें कां व्हावें, एवढाच आजचा प्रश्न.

सोलापूरकरांना हा प्रश्न परका वाटूं नये. या गांवाचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशीं सांचविलेल्या पाण्याचा इतिहास आहे. बाराव्या शतकांत सिद्धरामेश्वरांनीं आपल्या अनुयायांच्या हातून तलाव खोदविला अशी परंपरा आहे. ज्याच्या मधोमध आज त्यांचें मंदिर उभें आहे, तोच हा तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आदिला नदी अडवून हिपरग्याजवळ एकरुख तलाव बांधला गेला, आणि त्याचें पाणी शहराला मिळूं लागलें. १९८० मध्यें भीमेवरचें उजनी धरण पुरें झालें. त्याच्या जलाशयाला यशवंतसागर असें नांव आहे. आज शहराच्या पाण्याचा मुख्य आधार तोच. त्यांतलें कांहीं पाणी बंद नळांतून शंभराहून अधिक किलोमीटर चालून पाकणीच्या शुद्धीकरण केंद्रांत येतें, आणि कांहीं धरणांतून नदींत सोडून टाकळीजवळ उपसलें जातें. ज्या गांवाची तहान अशी सांचल्या पाण्यावर भागते, त्या गांवाला सांचलें पाणी कसें बिघडतें हें ठाऊक असलेलें बरें.

आधीं शेवाळाविषयीं. आपण सरसकट ज्याला शेवाळ म्हणतों त्यांत दोन निरनिराळ्या कुळांची मंडळी आहेत. खरें हिरवें शेवाळ हें वनस्पतींच्या गोत्रांतलें. दुसरें जें निळसर हिरवें, सायीसारखें वर तरंगणारें, तें रूपानें शेवाळ असलें तरी जातीनें जंतूच आहे. शास्त्रज्ञ त्याला सायनोबॅक्टेरिया म्हणतात. त्यांतलें सर्वांत कुप्रसिद्ध नांव मायक्रोसिस्टिस. याच्या पेशींत हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या बळावर तें पाण्यांत वरखालीं होऊं शकतें. वारा पडला, पाणी तापलें, कीं पृष्ठावर येऊन स्वतः ऊन खातें आणि खालच्या मंडळींना अंधारांत ठेवतें. ऊन, ऊब आणि संथ पाणी या तीन गोष्टी आपल्या मुलखांत मुबलक आहेत. कमी पडतात तीं बहुधा दोन द्रव्यें, नत्र आणि स्फुरद. आणि त्यांतहि स्फुरद. कारण हवेंतला नत्र पकडण्याची विद्या निळ्या शेवाळाच्या कांहीं जातींना अवगत आहे, पण स्फुरद हवेंत नसतोच. तो यावयाचा म्हणजे मातींतून, शेतांत टाकलेल्या खतांतून, धुण्याच्या चुऱ्यांतून, निर्माल्यांतून आणि सर्वांत अधिक माणसांच्या सांडपाण्यांतून. हें द्रव्य जितकें आंत आलें, तितकें शेवाळ वाढलें; हा नियम जवळजवळ वाण्याच्या तराजूइतका सरळ आहे.

शेवाळ वाढलें म्हणून पाणी लगेच नासत नाहीं. नासावयाला तें मरावें लागतें. वरच्या थराची सावली पडून खालचें शेवाळ मरतें, अन्न संपून मरतें, विषाणूंच्या साथीनें मरतें. आणि कांहीं अंशीं जंतूहि त्याला मारतात. ही शेजारधर्माची गोष्ट मोठी मौजेची आहे. झाडाच्या मुळांभोंवतीं मातींत जशी जंतूंची दाटी असते, तशीच शेवाळाच्या प्रत्येक पेशीभोंवतीं पाण्याच्या एका अतिसूक्ष्म वलयांत एक वस्ती असते. पेशी आपल्या शर्करेचा थोडा अंश बाहेर झिरपूं देते, तो या वस्तीचा शिधा. बदल्यांत कांहीं जंतु तिला ब-१२ हें जीवनसत्त्व पुरवितात, कारण शेवाळाच्या पुष्कळ जातींना तें स्वतः तयार करतां येत नाहीं. पण त्याच वस्तींत असेहि असतात कीं जे पेशीचें कवच विरघळविणारा रस सोडून तिला फोडतात आणि आंतला ऐवज लुटतात. पेशी धडधाकट असेपर्यंत पहिल्यांचें चालतें. ती म्हातारी झाली कीं दुसऱ्यांचें फावतें.

एकदां शेवाळ मोठ्या प्रमाणांत कोसळूं लागलें म्हणजे त्यावर तुटून पडणारे जंतु एकदम सगळे येत नाहींत, क्रमानें येतात. आपल्याकडील गड्ड्याची यात्रा उठल्यावर मैदानांत काय दिसतें तें आठवावें. उरल्यासुरल्या खाऊवर आधीं कावळेकुत्रीं येतात. मग बांबू-कनाती सोडविणारे येतात. आणि सरतेशेवटीं खिळे, पत्रे, दोऱ्या वेंचणारा येतो. तळ्यांतहि तसेंच. फुटलेल्या पेशींतून जी साखर आणि जें प्रथिन सहज सांडतें, त्याच्यावर पहिली टोळी जगते आणि तासातासाला दुप्पट होत वाढते. नंतर लांबलचक शर्करासाखळ्यांची पाळी येते. त्या तोडावयाला ठराविक हत्यार लागतें, आणि प्रत्येक जातीच्या जंतूजवळ ठराविकच हत्यारें असतात. उत्तर समुद्रांतील हेल्गोलांड या जर्मन बेटाजवळ २००९ च्या वसंत ऋतूंत शास्त्रज्ञांनीं वारंवार पाणी तपासून हा क्रम टिपला, आणि २०१२ मध्यें तो प्रसिद्ध केला. शेवाळाचा बहर ओसरतांच जंतूंची एक जात उसळली, ती ओसरतांच दुसरी, तिच्यामागून तिसरी. जणूं प्रत्येकीनें पुढचीसाठीं ताट वाढून ठेवावें. शेवटीं जें चिवट कवच उरतें तें कोणालाच लवकर पचत नाहीं. तें तळाशीं बसतें आणि गाळ होतें.

येथवर सर्व ठीकच आहे. मेलेलें कोणी तरी पचवावयास हवेंच. तें पचलें नसतें तर पृथ्वीवरचीं सर्व तळीं केव्हांच भरून गेलीं असतीं. अडचण येते ती हिशेबांत. हे जंतु आपल्यासारखेच श्वास घेतात. अन्न जाळावयास त्यांना प्राणवायु लागतो, आणि पाण्यांत तो फार थोडा असतो.

आल्फ्रेड रेडफील्ड या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३४ मध्यें समुद्रांतल्या तरंगत्या सूक्ष्म जीवांचें रासायनिक प्रमाण ताडून पाहिलें. त्यावरून पुढें रूढ झालेलें प्रमाण असें: स्फुरदाचा १ अणु असला तर नत्राचे १६ आणि कर्बाचे १०६. गोड्या पाण्यांत हें थोडेंफार हलतें, पण अंदाजापुरतें बस्स आहे. या प्रमाणानें १ ग्रॅम स्फुरदापासून वाळल्या वजनाचें सुमारें ११४ ग्रॅम शेवाळ होतें. तेवढें शेवाळ जंतूंनीं पुरतें जाळावयाचें म्हटलें तर सुमारें १४० ग्रॅम प्राणवायु खर्चीं पडतो. आतां ३० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यांत प्राणवायु विरघळून राहतो तो साडेसात मिलिग्रॅम. सोलापूरच्या उंचीवर त्याहून किंचित् कमीच. घरच्या मुलांकडून भागाकार करवून घ्यावा. उत्तर येतें तें सुमारें १९ हजार लिटर. म्हणजे चिमूटभर स्फुरदापासून झालेलें शेवाळ कुजतांना जवळजवळ दोन मोठ्या टँकरांतल्या पाण्याचा सगळा प्राणवायु संपवूं शकतें.

कोणी विचारील कीं, शेवाळ ही जर उन्हांत प्राणवायु सोडणारी वस्तु आहे, तर तिनें वाढतांना सोडलेला प्राणवायु गेला कोठें? शंका अगदीं रास्त आहे. जेवढा कुजतांना लागतो, बहुतेक तेवढाच तिनें वाढतांना निर्माण केलेला असतो. पण तो दिवसां, आणि वरच्या थरांत. तेथें पाण्यांत मावेनासा झाला कीं तो हवेंत निघून जातो. मेलेलें शेवाळ मात्र खालीं बसतें. जमा झाली माडीवर आणि खर्च पडला तळघरांत. आणि उन्हाळ्यांत वरचें ऊन, हलकें पाणी व खालचें गार, जड पाणी एकमेकांत मिसळत नसल्यामुळें माडीवरून तळघरांत जावयाचा जिनाच बंद असतो. संथ पाणी हवेंतून नवा प्राणवायु घेतें, पण तें फार सावकाश.

मासे मरून वर येतात ते बहुधा पहाटे, याचें कारण याच हिशेबांत आहे. दिवसां शेवाळ प्राणवायु देत असतें. सूर्य मावळला कीं तें देणें बंद होतें, घेणें मात्र चालूच; शेवाळहि श्वास घेतें, मासे घेतात, आणि सर्वांहून अधिक कुजविणारे जंतु घेतात. रात्रभर शिल्लक उतरत जाऊन सूर्योदयापूर्वीं ती सर्वांत कमी असते. तेव्हां मासे पृष्ठाशीं येऊन तोंड उघडझांप करतांना दिसतात. सोलापूरच्या तळ्यांतून मासे मेल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, आणि दर वेळीं कोणी तरी विष घातलें असा बोभाटा होतो. तसें कधीं होतच नसेल असें नाहीं. पण आदल्या आठवड्यांत पाणी हिरवेंगार असून मग एकाएकीं त्याचा रंग फिरला असेल, दोन दिवस आभाळ भरून आलें असेल, तर विष घालणाऱ्याचा शोध करण्याआधीं पहाटेच्या पाण्यांतला प्राणवायु मोजावा. दुपारीं मोजून कांहीं उपयोग नाहीं; दुपारीं तो भरपूर दिसतो.

प्राणवायु संपल्यावर जंतूंचें काम थांबतें असें मात्र नाहीं, टोळी बदलते. प्राणवायूवांचून जगणारे दुसरे पुढें येतात. कांहीं नत्राच्या क्षारांतला प्राणवायु ओढून घेतात आणि नत्र हवेंत सोडून देतात. हें तळ्याच्या फायद्याचेंच. कांहीं लोहाच्या गंजावर आपली गरज भागवितात, कांहीं गंधकाच्या क्षारांवर. या शेवटच्यांच्या श्वासांतून सडक्या अंड्याच्या वासाचा वायु निघतो, तोच लोहाशीं मिळून गाळाला काळा रंग देतो. अगदीं तळाशीं दलदलींतला मिथेन वायु तयार करणारे बसलेले असतात. काठीनें गाळ ढवळला कीं बुडबुडे येतात ते त्याचे. या सर्वांत वाईट गोष्ट वासाची नव्हे, लोहाची आहे. गाळांतला स्फुरद बराचसा गंजलेल्या लोहाशीं जखडलेला असतो. जंतूंनीं तो गंज विरघळविला कीं स्फुरद मोकळा होऊन पाण्यांत येतो, आणि पुढल्या बहराची तजवीज होते. इंग्लंडांतील सरोवरांच्या गाळावर मॉर्टिमर यांनीं प्रयोग करून १९४१-४२ मध्यें हें दाखवून दिलें. म्हणजे बाहेरून एक थेंब सांडपाणी आलें नाहीं तरी तळें आपल्याच तळघरांतून शेवाळाला पोसत राहूं शकतें. सावकाराचें मुद्दल फेडल्यावरहि व्याज चालू राहावें, तसा हा प्रकार.

आतां उजनीकडे वळूं, कारण तेथें हा हिशेब एका तळ्याचा राहत नाहीं. एका माणसाच्या मलमूत्रांतून रोज बाहेर पडणारा स्फुरद आपल्या देशांत सुमारें १ ग्रॅम असतो. वर ज्याचा भागाकार केला तेवढाच. उजनीच्या वरच्या अंगाला पुणें आणि पिंपरी-चिंचवड हीं दोन शहरें आहेत. २०११ च्या शिरगणतींत दोन्ही मिळून सुमारें साडेअठ्ठेचाळीस लाख वस्ती होती, आणि ती त्यानंतर वाढलीच आहे. पवना मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला मिळते, इंद्रायणीहि भीमेलाच. आणि भीमा उजनींत येऊन थांबते. थांबते हा शब्द महत्त्वाचा. वाहत्या नदींत शेवाळाला पाय रोवावयाला अवसर मिळत नाहीं. धरणाच्या फुगवट्यांत तो महिनेच्या महिने मिळतो. त्यांत दोन्ही तीरांवरच्या उसाच्या मळ्यांतलें खत पावसाळ्यांत धुपून येतें. भिगवणच्या बाजूला या उथळ, सुपीक पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात आणि पाहणाऱ्यांची गर्दी होते. पाणी सुपीक असणें हें पक्ष्यांच्या दृष्टीनें वैभव आहे, पिणाऱ्याच्या दृष्टीनें तेंच संकट.

सांडपाणी शुद्ध करण्याचीं केंद्रें त्या शहरांत नाहींत असें नव्हे. तेथेंहि हेच जंतु राबतात. मँचेस्टर येथें १९१४ मध्यें आर्डर्न व लॉकेट या दोघांनीं सांडपाण्यांत हवा फुंकून जंतूंचा गाळ वाढविण्याची युक्ति प्रसिद्ध केली. तळ्यांत जें काम प्राणवायूच्या अभावीं नासतें, तेंच हौदांत हवा पुरवून सुरळीत करून घ्यावयाचें, इतकीच ती युक्ति, आणि जगांतील असंख्य शहरें तिच्यावर चालतात. पण तिच्यांत एक उणीव आहे. साध्या रीतीनें चालविलेल्या केंद्रांत मळ जळतो, पाणी स्वच्छ दिसूं लागतें, पण स्फुरद मोठ्या अंशानें तसाच पुढें जातो. स्वच्छ दिसणारें हें पाणी धरणांत पोंचून पुन्हां शेवाळ होतें, आणि जो मळ पुण्याला जाळला तोच नव्या रूपानें उजनींत कुजावयास तयार होतो. यालाहि उपाय जंतूंपाशींच आहे. कांहीं जातींच्या जंतूंना आळीपाळीनें हवेवांचून व हवेशीर ठेवलें तर ते गरजेहून पुष्कळ अधिक स्फुरद पोटांत सांठवून ठेवतात. मग तो गाळ काढून घेतला कीं स्फुरद त्याबरोबर निघून येतो. तुरटीसारख्या क्षारांनींहि तो खालीं बसवितां येतो. या दोहोंपैकीं कांहीं तरी केल्यावांचून केंद्रांची संख्या कितीहि वाढविली तरी खालच्या धरणांतलें पाणी हिरवें व्हावयाचें थांबणार नाहीं, असें माझें मत आहे.

निळ्या शेवाळाची गोष्ट वासावर आणि माशांवरच संपली असती तर बरें झालें असतें. पण त्याच्या कांहीं जाती विष तयार करतात. मायक्रोसिस्टिसच्या कांहीं कुळांत मायक्रोसिस्टिन नांवाचें विष असतें; तें यकृतावर घाला घालतें. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यासाठीं त्याच्या मुख्य प्रकाराची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमचा दहालाखावा भाग, इतकी खालीं ठेवली आहे. शेवाळ जिवंत असेपर्यंत हें विष बहुतेक पेशींत कोंडलेलें असतें. पेशी फुटली कीं तें पाण्यांत उतरतें. म्हणून बहर वाढत असतांना पाणी जितकें धोक्याचें, त्याहून तो कोसळतांना अधिक, जरी पाण्याचा हिरवा रंग तेव्हां ओसरत असला तरी.

येथें पुन्हां जंतूच उपयोगीं पडतात. हें विष सात दुव्यांच्या कड्यासारखें असून साधारण पाचक रसांना दाद देत नाहीं. उकळल्यानेंहि तें मोडत नाहीं. पण स्फिंगोमोनास वंशाच्या कांहीं जंतूंजवळ तें कडें नेमकें एका ठिकाणीं तोडण्याचें हत्यार आहे. ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांनीं १९९६ मध्यें त्याची रीत उलगडून दाखविली. कडें तुटून सरळ झालें कीं विषाची धार सुमारें १६० पटींनीं बोथट होते. मग बाकीचे तुकडे करणें सोपें. मात्र हे जंतु पाण्यांत आधींपासून मुबलक असतातच असें नाहीं. ऑस्ट्रेलियांतल्याच एका तळ्यांत शेवाळावर औषध मारल्यानंतर विष पाण्यांत उतरलें, तेव्हां सुमारें नऊ दिवस तें जवळजवळ जसेंच्या तसें राहिलें, आणि त्यानंतर तीनएक दिवसांत बहुतेक नाहींसें झालें. जंतूंना संख्येनें वाढावयास तेवढा अवधि लागला. तलाव निवळला असें वाटल्याबरोबर त्याचें पाणी उपसूं नये, याचें कारण हे मधले दिवस.

औषध मारण्याविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. मोरचूद टाकला कीं शेवाळ मरतें, पाणी दोन दिवसांत निवळतें आणि टाकणाऱ्याची वाहवा होते. पण मेलेलें सगळें शेवाळ एकदम जंतूंच्या स्वाधीन होतें, म्हणजे प्राणवायूचा सगळा खर्च एकाच रात्रीं अंगावर येतो. आणि पेशी फुटून जें विष असेल तें पाण्यांत पसरतें. १९७९ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या पाम बेटावर पिण्याच्या पाण्याच्या धरणांत असाच मोरचूद टाकला गेला, आणि पाठोपाठ १४८ माणसें आजारी पडलीं. त्यांत बहुतेक मुलें होतीं. आजकाल उलट बाजूनें, तळ्यांत जंतूंचीच पूड टाकून तें स्वच्छ करून देतों असें सांगणारेहि भेटतात. या पुडींविषयीं मला फारसा भरंवसा वाटत नाहीं. तळ्यांत जंतूंची वाण नसते. वाण असते ती प्राणवायूची. आणि जंतूंनीं शेवाळ कितीहि झपाट्यानें खाल्लें तरी त्यांतला स्फुरद ते कोठें नेऊन टाकीत नाहींत; तो त्याच पाण्यांत राहतो. कारंजीं लावून हवा मिसळणें यापेक्षां बरें, कारण त्यानें निदान पहाटेची तूट भरून निघते.

घरांतल्या मंडळींना या सर्वांतून कामाचें काय, तेंहि सांगतों. पाण्याला ओल्या मातीचा वास आला तर घाबरून जाऊं नये. तो वास जिओस्मिन नांवाच्या द्रव्याचा. वळवाच्या पहिल्या सरीनें तापल्या जमिनींतून जो गंध उठतो, त्यांतहि तेंच द्रव्य असतें. मातींत तें विशिष्ट जंतु तयार करतात आणि पाण्यांत निळें शेवाळ. आपलें नाक त्याच्या बाबतींत इतकें तिखट आहे कीं, लिटरांत एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या कांहीं पट असलें तरी तें ओळखतें. द्रव्य स्वतः अपायकारक नाहीं, पण त्याचा अर्थ समजून घ्यावा: वरच्या बाजूला शेवाळाची हालचाल चालू आहे. वास नाहीं म्हणून विष नाहीं, असा उलटा निष्कर्ष मात्र काढूं नये. पाणी स्पष्ट हिरवट असेल तर तें उकळून भागणार नाहीं. उकळल्यानें पटकीचे जंतु मरतात, पण हें विष मरत नाहीं. उलट पेशी फुटून तें मोकळें होतें. २०१४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील टोलेडो शहराला ईरी सरोवरांतून जाणारें पाणी असें दूषित झालें, तेव्हां सुमारें पांच लाख लोकांना पाणी पिऊं नका आणि उकळूंहि नका अशी सूचना द्यावी लागली होती. शुद्धीकरण केंद्रांत मात्र याचा बंदोबस्त करतां येतो: आधीं तुरटी घालून पेशी अखंड असतांनाच खालीं बसवावयाच्या, मग वाळूच्या थरांतून गाळावयाचें, गरज पडेल तर खास तयार केलेल्या कोळशावर विष शोषून घ्यावयाचें, आणि क्लोरीन शेवटीं. क्लोरीन आधींच भरपूर घातलें तर मोरचुदासारखाच प्रकार होतो. आपल्या गांवाला नळाचें पाणी दिवसाआड किंवा त्याहूनहि अधिक अंतरानें घेऊन सांठविण्याची जुनी संवय आहे. तो हौद उन्हांत उघडा राहिला तर त्यांतहि लहान प्रमाणावर हेंच नाटक सुरू होतें. झांकण घालून अंधार ठेवला कीं शेवाळ वाढत नाहीं, आणि मग जंतूंनाहि खावयास कांहीं उरत नाहीं.

तळें एकदां असें बिघडलें म्हणजे सुधारतें का? सुधारतें, पण तळ्यातळ्यांत फरक आहे. अमेरिकेच्या सिॲटल शहराजवळचें वॉशिंग्टन सरोवर निळ्या शेवाळानें गढूळ झालें होतें. १९६३ ते १९६८ या काळांत शहरांचें सांडपाणी टप्प्याटप्प्यानें त्यांतून वळवून दुसरीकडे नेण्यांत आलें, आणि थोड्याच वर्षांत तें निवळलें. तें सरोवर खोल होतें. स्वीडनमधील ट्रुमेन हें तळें उथळ. त्यांत येणारा मळ बंद केला तरी तें वर्षानुवर्षें हिरवेंच राहिलें, कारण गाळांतलें व्याज चालू होतें. शेवटीं १९७०-७१ मध्यें गाळाचा वरचा थर उपसून काढला, तेव्हां तें सुधारलें. सिद्धेश्वर आणि कंबर हे तलाव या दुसऱ्या जातीचे, उथळ. त्यांत येणारी गटारें बंद होणें ही पहिली पायरी; पण तेवढ्यावर थांबलों तर जलपर्णी आणि शेवाळ पुढल्या उन्हाळ्यांतहि हजर असतील.

गाळ काढावयाचा तो वैशाखांत, पाणी तळाला गेलें असतांना, म्हणजे यंत्रें आंत उतरतात आणि काळा गाळ ढवळून उरल्या पाण्यांत मिसळत नाहीं. धरणांतला व पाझर तलावांतला गाळ उपसून शेतांत टाकण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें २०१७ मध्यें सुरू केली; सोलापूरसारख्या हलक्या जमिनीच्या जिल्ह्यांत शेतकरी असा गाळ स्वखर्चानेंहि नेतात. हवेंत पसरला कीं त्यांतलें लोह पुन्हां गंजतें, स्फुरदाला धरून ठेवतें, आणि ज्वारीचीं मुळें तो सावकाश उचलतात. शहरांतल्या तळ्याच्या गाळांत मात्र जड धातु असण्याचा संभव असतो. म्हणून शेतांत नेण्यापूर्वीं तो तपासून घ्यावा लागतो, आणि तपासणींत उतरला नाहीं तर त्याची वाट वेगळी लावावी लागते.